आठवं पान

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका बँकेत मी एकतीस वर्षं काढली. जेवणाच्या सुट्टीत ग्रीन गेटपर्यंत चालत जायचं, तिथल्या पहाऱ्याकडे बघायचं आणि परत फिरायचं, एवढाच माझा आणि बंदराचा संबंध. कधी दुपारी बोटीचा भोंगा ऐकू यायचा आणि आकड्यांची बेरीज चुकायची. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, डिसेंबरात, चाकांची बॅग ओढत मी पहिल्यांदा त्या गेटच्या आत गेले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलीने क्रूझची तिकिटं काढून दिली होती. चार रात्री, मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. नवऱ्याने कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “जेवण आपलं आपलं ना?”

नव्हतं. कागदावर स्वच्छ छापलं होतं: रात्रीचं जेवण, पहिली पाळी, पावणेसात वाजता, टेबल नंबर २१. टेबल आठ जणांचं. चारही रात्री तेच टेबल, तीच माणसं आणि वाढणाराही तोच. माझा नवरा म्हणजे लग्नकार्यातसुद्धा गर्दी व्हायच्या आत भिंतीकडेची खुर्ची धरून जेवून घेणारा माणूस. “अनोळखी सहा जणांशी चार दिवस बोलायचं काय?” हे त्याने घरी विचारलं, टॅक्सीत विचारलं आणि तपासणीच्या रांगेत कमरेचा पट्टा काढता काढता पुन्हा विचारलं. मी म्हटलं, एकतीस वर्षं रोज अनोळखी माणसांबरोबर जेवलेय, काही होत नाही.

हे अगदी खोटं नव्हतं. फोर्टातल्या उडुप्याकडे दुपारी एक वाजता आख्खं टेबल कोणाला मिळतं? चार खुर्च्यांवर दोघं बसलेले असतात, गल्ल्यावरचा मालक नुसती मान हलवतो, तिकडे बसा. विचारायचं नसतं. खुर्चीच्या पाठीला हात लावायचा, समोरचा आपलं ताट दोन बोटं स्वतःकडे ओढतो, झाली परवानगी. मग त्याची नजर पेपरात, आपली सांबारात. तो फोनवर काय बोलतो ते ऐकायचं नाही, आणि ऐकू आलंच तर चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. एकदा माझ्यासमोर बसलेल्या माणसाला फोनवर वडील गेल्याचं कळलं. तो “हो, निघतो” एवढंच म्हणाला, अर्धा डोसा तसाच टाकून, बिल चुकतं करून गेला. मी मान वर केली नाही. त्या टेबलाची रीतच तशी आहे आणि मी ती पाळली. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

इराण्याकडे तर टेबलं गोल, वर संगमरवर, त्यामुळे एकाची बाजू कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते तेही कळत नाही. आमच्या ऑफिसपासून जवळ १९२३ सालचं ब्रिटानिया आहे, धोबीतलावला १९०४ सालचं कयानी. तिथे मी कितीतरी माणसांच्या कोपराला कोपर लावून बनमस्का खाल्ला असेल, पण एकाचाही चेहरा आठवत नाही. मुंबईत जागा वाटून घ्यायची असते ती अशी, माणूस न वाटून घेता. लोकलमध्ये तीन जणींच्या बाकावर चौथीला बसवून घेतो, तेव्हाही आपण देतो ती वीतभर फळी.

बोटीवर हे कसब कामाला येत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

बोट पाचच्या सुमारास सुटली. उजवीकडे गेटवे आणि ताज, मग कुलाबा, मग पार टोकाला १८७५ सालचं प्राँग्ज दीपगृह. आम्ही जेवणघराच्या दाराशी पोचलो तोवर मुंबई मागच्या बाजूला दिव्यांची एक ओळ होऊन राहिली होती आणि फोनच्या रेषा एकेक करून गळत होत्या. दाराशी यादी लावलेली. एकवीस नंबरपुढे नावं होती आठ. टेबलावर पेपर नाही, फोनला रेंज नाही, टेबल गोल. बघायचं कुठे? समोरच्या माणसाकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या पद्धतीमागे पाहुणचार वगैरे नाही, सरळ स्वयंपाकघराचा हिशेब आहे. दीड हजारांवर माणसं एका वेळी जेवायला बसली तर ना खुर्च्या पुरतील ना चुली. म्हणून दोन पाळ्या, आणि गोंधळ नको म्हणून टेबलं नेमून दिलेली. पूर्वी तर मोठ्या आगबोटींवर लांबच लांब सामाईक टेबलं असत, खुर्च्या जमिनीला स्क्रूने ठोकलेल्या, आणि समुद्र खवळला की बशा घरंगळू नयेत म्हणून टेबलाच्या कडेला लाकडी पट्ट्या लावत. शेजार पसंत नाही म्हणून खुर्ची सरकवायची सोयसुद्धा नव्हती. १९०५ मध्ये ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन बोटीवर वेगळे पैसे मोजून, हवं तेव्हा, हवं ते मागवायचं रेस्टॉरंट निघालं, तेव्हा पैसेवाल्यांची सुटका झाली. सन २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने नेमलेली वेळ नि नेमलेलं टेबल ही भानगडच काढून टाकली, आणि मग बाकीच्यांनीही कमीअधिक तीच वाट धरली. आता पुष्कळ बोटींवर दोघांचं दोघांपुरतं टेबल मिळतं. आमच्या बोटीवरचा हा जुना रिवाज कोणी मुद्दाम टिकवला होता की कोणी बदलायचं विसरलं होतं, देव जाणे. नवऱ्याच्या मते विसरले होते.

तर टेबल नंबर २१. एक जोडपं घाटकोपरचं, गुजराती जैन, मूळजी जेठा मार्केटात कापडाचं दुकान. एक जोडपं तासगावचं, द्राक्षबागायतदार. आम्ही दोघं. आणि एक वसईच्या बाई, पंचाहत्तरीच्या आसपास, एकट्या. गळ्यात बारीक क्रूस, अंगावर नीट पिन लावलेली सुती साडी. आठव्या खुर्चीवर कोणी नव्हतं, पण पान मांडलेलं होतं. काटे, चमचे, घडी घातलेला रुमाल, सगळं.

“आठवा गडी कुठाय?” तासगावकरांनी वेटरला विचारलं.

वेटर दार्जिलिंगकडचा, बावीस-तेवीसचा मुलगा. तो म्हणाला, यादीत नाव आहे सर, येतील.

“बोट लागली आसंल त्याला,” तासगावकर म्हणाले, आणि बोट अजून मुंबईच्या दिव्यांच्या टप्प्यातच होती.

मग सुरू झाली ती आपली नेहमीची चौकशी. कुठले, मूळ कुठले, आडनाव काय, मुलं काय करतात. तासगावकरांनी आमचं आडनाव दोनदा म्हणून बघितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून पटकन काही हाती लागत नाही. ते जरा खट्टू झाले. मला हसू आलं, पण मी तरी वेगळं काय करत होते? वसईच्या बाईंचा क्रूस बघून मी मनातल्या मनात त्यांचं ताट ठरवून टाकलं होतं, आणि घाटकोपरच्या भाईंनी “कांदा, लसूण, बटाटा नाय” म्हणायच्या आधीच त्यांचंही. कोणाला काय वाढायचं आणि कोण कोणाशेजारी बसायचं, हे आपल्या हातापायांत भिनलेलं आहे. मराठीत त्याला शब्दही आहे, पंक्तिप्रपंच. इतका नेमका शब्द उगाच तयार होत नाही, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव लागतो.

मला त्या दारावरच्या यादीवरून दुसरीच एक यादी आठवत राहिली. याच मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. बंद दाराआड जमायचं, जातिभेद मानणार नाही म्हणायचं, आणि त्याची खूण म्हणून ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पाव! आज जो वड्याला गुंडाळून आपण स्टेशनाबाहेर उभ्याउभ्या खातो, तो खायला शिकलीसवरलेली माणसं दाराला कडी लावून बसत. दहा-अकरा वर्षं हे गुपचूप चाललं. मग १८६० च्या आसपास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली, आणि सभा मोडली. एका टेबलाशी कोण कोण जेवतं याचा कागद बाहेर पडला, एवढ्यावर एक चळवळ बसली. आमची यादी मात्र उघड्यावर चिकटवलेली होती, बोराएवढ्या अक्षरांत, आणि तिच्याकडे लोक फक्त आपला नंबर शोधायला बघत होते.

माझी आजी देवगडची. तिच्या काळात मुंबईहून घरी जायचं म्हणजे बोटीनेच. रामदास, तुकाराम अशी संतांची नावं असलेल्या बोटी ‘माझी आगबोट कंपनी’च्या. त्यांतली रामदास १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आजी अवसेला कोणालाही बोटीवर पाऊल ठेवू द्यायची नाही. पण बोट तिने सोडली नाही, सोडून जाणार कशाने? देवगडला बोट दूर पाण्यात उभी राहायची, मग पडाव, म्हणजे लहान होडी, यायचा, आणि किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की खलाशी बायकामाणसांना खांद्यावर घेऊन वाळूत उतरवायचे. आजी सोवळ्यातली. डेकवर वळकटी पसरून बसायची, बरोबर दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, आणि त्या खायच्या त्यासुद्धा सगळ्यांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. मीही सहा-सात वर्षांची असताना तिच्याबरोबर ‘कोकण सेवक’ने गेलेय. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती पाठच आहे.

तिने मला फार उशिरा, ती अंथरुणाला खिळल्यावर, एक गोष्ट सांगितली. आजोबा नुकतेच गेले होते आणि ती एकटी मुंबईहून निघाली होती. बोट अशी लागली की पोटात पाणी ठरेना. शेजारच्या वळकटीवर जैतापूरची एक मुसलमान बाई होती. तिने बरणीतून लिंबाच्या लोणच्याची फोड काढून आजीच्या तळहातावर ठेवली. “चोख, बाय.” आजीने चोखली. “मग?” मी विचारलं. “मग काय, थांबलं ओकणं,” आजी म्हणाली, आणि कूस बदलली. नाव विचारलं नव्हतं तिने त्या बाईचं.

दुसऱ्या रात्री आम्ही सगळे न सांगता त्याच खुर्च्यांवर बसलो. खुर्च्या काही नेमून दिलेल्या नव्हत्या, टेबल तेवढं होतं. पण माणूस एकदा जिथे बसला तिथेच पुन्हा बसतो. वसईच्या बाईंनी मासा मागवला. ताट आलं तशी त्यांच्या शेजारच्या घाटकोपरच्या भाईंनी खुर्ची थोडी सरकवली. फार नाही, चार बोटं. बोलले काहीच नाहीत. पण गोल टेबलावर चार बोटंसुद्धा सगळ्यांना दिसतात. बाईंनी मासा अर्धवट खाल्ला आणि काटा ठेवून दिला.

त्या दिवशी बोलणं तासगावच्या काकूंनी सावरलं. त्या आदल्या रात्री एक अक्षर बोलल्या नव्हत्या. एकदम म्हणाल्या, “एवढं पाणी, आन् त्यातलं घोटभर प्यायचं न्हाई. आमच्याकडं बागेला टँकर लागतो.” मग त्यांनी वेटरला विचारलं, बोटीवर गोडं पाणी येतं कुठनं. तो म्हणाला, मशीन आहे मॅम, समुद्राचंच पाणी गोडं करतात. काकू नवऱ्याकडे वळल्या. “बघा. असलं मशीन आपल्याकडं का आणत न्हाईत?”

“आधी समुद्र आणाय लागंल,” तासगावकर म्हणाले.

भाई मोठ्याने हसले. मग काकूंनी पिशवीतून बेदाण्यांची पुडी काढून टेबलाच्या मधोमध उघडून ठेवली. आमच्याच बागेतला माल म्हणाल्या. सगळ्यांचे हात एकाच पुडीत गेले. भाईंचासुद्धा. बेदाण्याला कांदा-लसूण नसतो.

तिसऱ्या रात्री वसईच्या बाईंनी डाळभात मागवला. वेटर निघालाच होता, तेवढ्यात घाटकोपरच्या बेन म्हणाल्या, “आंटी, तुमी मासा घ्या. मला चालते. याला नाय चालत, तर याला मी इकडे बसवते.” आणि नवऱ्याला उठवून त्यांनी जागा बदलली. भाई मुकाट उठले. बेन स्वतः माशाशेजारी बसल्या, पदर सावरला आणि आपली जैन भाजी जेवल्या. जेवताना त्यांचा श्वास जरा आवरून घेतलेला होता, ते मला दिसत होतं. म्हणूनच मला त्याचं जास्त वाटलं. ज्याला काहीच खटकत नाही त्याने शेजारी बसण्यात काय विशेष?

याचा अर्थ आम्ही सातजण एकमेकांचे जिवलग झालो असा कोणी घेऊ नये. दिवसा तर गंमतच व्हायची. पोहण्याच्या तलावापाशी भाई हाफ पँटमध्ये समोर आले, तर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, शाळेतले सर बाजारात कोबी निवडताना दिसावेत तसं. दुपारच्या बुफेला घाटकोपरची मंडळी आपल्या वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपात असत, तासगावकर गावाकडच्या आणखी दोन कुटुंबांत, आणि आमच्यासारखे मुंबईकर कुठल्यातरी खांबाआड. नुसती मान हलवायची आणि आपापल्या ताटाकडे जायचं. आमची ओळख संध्याकाळी पावणेसात ते साडेआठ एवढीच होती.

या ओळखीला मराठीत शब्द नाही. मैत्री नाही, शेजार नाही. लोकलच्या डब्यातला ग्रुप थोडा जवळचा, पण तो आपण निवडलेला असतो, नको झाला तर आठ-बाराऐवजी आठ-वीसची गाडी पकडता येते. इथे निवड नव्हती, आणि माझं मत असं झालंय की त्यामुळेच सगळे नीट वागले. निवडलेल्या माणसावर आपण रुसतो. नेमून दिलेल्या माणसावर कशाला रुसायचं?

वसईच्या बाई एकट्या का आल्या होत्या, हे तिसऱ्या रात्रीच कळलं. त्यांचे यजमान अठ्ठावीस वर्षं विलायती कंपनीच्या बोटींवर जेवणघरात कामाला होते. गोव्याचे, वसईचे, मुंबईचे असे कितीतरी लोक त्या काळी बोटींवर स्टुअर्ड असत. गोव्याचे तर बोट मिळेपर्यंत धोबीतलावच्या कुडांमध्ये, आपापल्या गावाच्या खोलीत, पेटीवर डोकं ठेवून राहत. बाईंचे यजमान आठ-नऊ महिने पाण्यावर, दोन-तीन महिने घरी. घरी असले की पाटावर मांडी घालून, हाताने जेवायचे, नाताळ असला तरी. बाईंनी बोट पाहिली ती कायम धक्क्यावरून, बाहेरून. “आत कुठं ताटं नेतोस ते एकदा दाखव, म्हणायची मी. म्हणायचा, दाखवीन. गेला.” हे सांगताना त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. त्या वेटरच्या हाताकडे बघत होत्या. तो एका तळहातावर तीन ताटं पेलून, बोट डुलत असताना, दोन टेबलांच्या मधून सरळ येत होता. “अंगठा बघ त्याचा,” त्या मला म्हणाल्या. “ताटाच्या आत जात नाही. हे शिकवतात.”

आणि मग माझ्या लक्षात आलं की पहिल्या रात्रीपासून त्या त्याला रोज एकच विचारत होत्या, “जेवलास का रे?” पहिल्या रात्री तो गोंधळला होता. “बाद में, मैम.” दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री बाईंनी तोंड उघडायच्या आधीच तो हसून म्हणाला, “बाद में.” आमच्यातल्या बाकी कोणाला हा प्रश्न सुचला नव्हता. तोपर्यंत त्याला माझ्या नवऱ्याला लिंबाची फोड लागते, काकूंना पाणी कोमट लागतं, भाईंची रोटी कोरडी, हे सगळं पाठ झालं होतं. आम्हाला त्याचं गाव तेवढं ठाऊक होतं, तेही तासगावकरांनी विचारलं म्हणून.

बाईंची गोष्ट संपल्यावर टेबल जरा गप्प झालं. अशा वेळी माझा नवरा रुमालाची घडी घालतो आणि उठायची तयारी करतो. पण त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “मलाही मस्कतला नोकरी आली होती. ब्याण्णव साली. पत्र आलं होतं, व्हिसाही होणार होता. मी पत्र परत पाठवलं.”

मी डाळीत चमचा फिरवत राहिले. ब्याण्णव साली आमची मुलगी दोन वर्षांची होती. आम्ही लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत होतो, आणि हा रेल्वेच्या सिग्नल खात्यात रात्रपाळ्या करत होता. मस्कतचं नाव त्या खोलीत मी कधी ऐकलं नव्हतं. पस्तीस वर्षांत नाही.

“वहिनींना विचारलं न्हाई?” तासगावकरांनी विचारलं. त्यांना टेबलावरचं सगळं सरळ विचारायची सवयच होती.

“विचारलं असतं तर जा म्हणाली असती,” नवरा म्हणाला.

बेन माझ्याकडे बघत होत्या. वसईच्या बाई मात्र त्याच्याकडे बघून नुसती मान हलवत होत्या, हळू, दोन-तीनदा. मग वेटर गोड काय देऊ विचारायला आला. त्या रात्री केबिनमध्ये आम्ही टीव्ही लावला. मी काही विचारलं नाही. मी जा म्हटलं असतं का? म्हटलं असतं, याची मला खात्री आहे, आणि तेच मला झोपू देत नव्हतं.

लक्षद्वीपला बोट दूर पाण्यातच उभी राहते, किनाऱ्यावर न्यायला लहान बोटी येतात. त्यात पाय टाकताना दोन खलाशांनी माझे दंड धरले आणि उचलूनच आत ठेवलं. मला आजीचा पडाव आठवला आणि मी एकटीच हसले. ते पाणी, तो प्रवाळ, तो निळा-हिरवा रंग, याबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय आणि इतके फोटो टाकलेत की मी त्यात भर घालत नाही. ऊन फार होतं.

राहता राहिलं आठवं पान. ते रोज मांडलेलं असायचं. तासगावकर रोज एक नवी शक्यता मांडत. पहिल्या रात्री बोट लागली होती, दुसऱ्या रात्री तो दुसऱ्या पाळीला जेवत होता, तिसऱ्या रात्री बायकोशी भांडून केबिनमध्ये सँडविच खात होता. भाईंचं म्हणणं, पैसे भरले आणि आलाच नाही, म्हणजे नक्की बिझनेसवाला. दारावरच्या यादीत नुसतं आद्याक्षर आणि आडनाव होतं, ते वाचून बाई की बुवा तेही कळत नव्हतं. चौथ्या रात्री आम्ही गेलो तर टेबलावर सात पानं. खुर्चीसुद्धा काढून नेलेली, आणि बाकीच्या सात खुर्च्या कोणीतरी पसरून लावलेल्या. जागा ऐसपैस झाली होती. पण आम्ही सगळे उभेच राहिलो क्षणभर.

“आसं पान उचलत न्हाईत,” काकू म्हणाल्या. तासगावकरांनी वेटरला बोलावलं. त्याला वाटलं आमची तक्रार आहे. तो धावत खुर्ची घेऊन आला, ताट मांडलं, रुमालाचा पंखा करून ठेवला. मग आम्ही बसलो.

बक्षिशीची पाकिटं दिली, फोटो काढले. तासगावकरांनी व्हॉट्सॲपवर ‘टेबल २१’ नावाचा ग्रुप काढायचं जाहीर केलं आणि रेंज नसल्यामुळे सगळ्यांचे नंबर वहीत लिहून घेतले, पत्त्यांसकट. सकाळी बोट बॅलार्ड पिअरला लागली. सामानाच्या पट्ट्यापाशी गर्दीत बेन दिसल्या, आपल्या ग्रुपबरोबर. त्यांनी लांबून हात केला. वसईच्या बाई कुठे दिसल्या नाहीत. ग्रीन गेटबाहेर टॅक्सीवाल्याने लालबागचे म्हणून दुप्पट सांगितले, आणि नवरा त्याच्याशी भांडताना पहिल्यासारखा दिसायला लागला.

ग्रुपवर आठवडाभर फोटो आले, मग सुप्रभात आलं, मग तेही थांबलं. फेब्रुवारीत कुरिअरने एक खोका आला, तासगावहून. आत बेदाण्याच्या दोन पिशव्या, किलो-किलोच्या. एकीवर आमचं नाव. दुसरीवर निळ्या पेनाने नुसतं ‘आठवा’. मी तासगावकरांना फोन लावला.

“ते मुंबईचंच आसणार की ओ वहिनी,” ते म्हणाले. “आडनावावरनं तसंच वाटतंय. तुमच्याकडं ठेवा. गाठ पडली तर द्या.”

आमची पिशवी होळीपर्यंत संपली. दुसरी फ्रीजच्या दाराच्या वरच्या खणात आहे. परवा शिरा करताना बेदाणे नव्हते म्हणून मी ती काढली, रबर सोडवलं, तेवढ्यात नवरा स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. त्याने पिशवीवरचं नाव वाचलं.

“ती नको,” तो म्हणाला, आणि चपला घालून खाली वाण्याकडे गेला.